एका आंकड्याची वंशावळ



गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या बहिणीस मधुमेह असल्याचें निष्पन्न झालें. तिचें वजन बेताबाहेर गेलें होतें, आणि तें उतरविलेंच पाहिजे असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. आहाराचा एक छापील तक्ता तिनें स्वयंपाकघराच्या भिंतीस लावलाही होता. पंधरा दिवसांनीं मी गेलों तों भिंत मोकळी! विचारतां म्हणाली, "दादा, तपासणीच्या वेळीं तेथल्याच एका बाईंनीं सांगितलें कीं, शंभरांतल्या पंच्याण्णवांचें उतरलेलें वजन पुन्हां चढतें. मग मी कशाला जीव मारूं? मी कांहीं त्या पांचांतली नव्हें." शाळेंत पहिल्या पांचांत तिचा नंबर कधींच आला नव्हता, हें मला ठाऊक, म्हणून तिचें बोलणें हंसण्यावारी नेतां येईना.

तिची मुलगी पोषणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ती मला म्हणाली, "मामा, हा आंकडा कोणीं, केव्हां, कोणाला मोजून काढला तें शोधूं या." मी मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेंत छत्तीस वर्षें पाढे घोकून घेतलेला मनुष्य, शास्त्रीय संशोधनाशीं माझा संबंध तो कोणता? परंतु उत्तर बरोबर आलें तरी रीत दाखव, असें मी मुलांस जन्मभर सांगत आलों. त्या पंच्याण्णवाची रीत पाहावी असें मलाही वाटलें. तो माग आम्हीं कसा काढला, आणि त्या ओघांत एका अमेरिकन संशोधकाची अवघी निबंधसूची वाचण्याचा योग कसा आला, तेंच आज निवेदन करणार आहें.

प्रथम साधनाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. संशोधक आपलें काम निबंधरूपानें शास्त्रीय नियतकालिकांत छापतो आणि शेवटीं, आपण पूर्वींच्या कोणकोणत्या निबंधांचा आधार घेतला, त्यांची यादी देतो. ही चाल जुनीच आहे. पण ती यादी केवळ मागें पाहते. निबंधास आपले पूर्वज ठाऊक असतात, वंशज ठाऊक नसतात. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं यूजीन गारफील्ड नांवाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांनीं १९५५ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत अशी सूचना केली कीं, ह्या सर्व याद्या उलट्या फिरवाव्या. म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाचा पुढें कोणीं कोणीं उल्लेख केला तें एका जागीं सांपडेल. ही कल्पना त्यांनीं वकिलांच्या एका सूचीवरून उचलली होती. १८७३ पासून अमेरिकेंत शेपर्ड यांची ती सूची निघत असे. जुन्या निवाड्याचा पुढच्या कोणत्या निवाड्यांत आधार घेतला गेला, आणि कोणत्या निवाड्यानें तो फिरविला, हें तींत पाहावयास मिळे. पुढें गारफील्ड यांनीं स्थापिलेल्या संस्थेनें विज्ञानाची अशीच निर्देशसूची काढली, आणि आतां तेंच काम संगणक क्षणार्धांत करतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांच्या हें चटकन् ध्यानांत येईल. आपण पणजोबांचें नांव सांगावें, आणि त्यांच्या कोणकोणत्या नातवा-पणतवांनीं येऊन सही केली तें उपाध्यायांनीं वाचून दाखवावें, तसाच हा प्रकार आहे.

ह्या सूचीचा दुसराही एक उपयोग होऊं लागला, व तो मला तितकासा रुचत नाहीं. माणसाचें मोल ह्या उल्लेखांच्या संख्येवरून ठरवूं लागले. २००५ सालीं होर्हे हिर्श नांवाच्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें त्यासाठीं एक अंकच काढून दिला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेख झाला, पण एकवीस निबंधांचा प्रत्येकीं एकवीस वेळां झाला नाहीं, त्याचा अंक वीस. हिशेब सुटसुटीत आहे; नेमणुका व बढत्या देणाऱ्यांस तो सोयीचा वाटला यांत नवल नाहीं. आमच्या शाळेंत तपासनीस साहेब येत तेही आधीं पटावरील हजेरी मोजीत. मुलें काय शिकलीं तें पाहण्यास वेळ उरत नसे. शेपर्डच्या सूचींत निवाडा मान्य झाला कीं फिरविला गेला याची निदान खूण असे. विज्ञानाच्या ह्या मोजणींत तेंही नसतें. कोणी आधार म्हणून नांव घेवो, कोणी खंडनासाठीं घेवो, कोणी मूळ निबंध न वाचतां दुसऱ्याच्या यादींतून उतरून घेवो. प्रत्येकाचा एक असा सारखाच हिशेब होतो.

असो. भाचीनें अलीकडच्या एका लेखापासून आरंभ केला. त्याच्या यादींतून त्याच्या आधींचा, त्यांतून त्याच्याही आधींचा, असें मागें मागें जातां जातां बहुतेक वाटा १९५९ सालच्या एकाच निबंधापाशीं येऊन मिळाल्या. त्याचे लेखक आल्बर्ट स्टंकर्ड व मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम. विषय, स्थूलतेवरील उपचारांचें फल. स्टंकर्ड हे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांचा जन्म १९२२ सालचा; आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत, म्हणजे गारफील्ड यांच्याच फिलाडेल्फिया शहरांत घालविला, आणि २०१४ सालीं, वयाच्या ९२ व्या वर्षीं ते वारले. अन्न आणि मन यांच्या संबंधावर साठ वर्षें लिहीत राहिलेला दुसरा माणूस क्वचितच आढळेल.

त्या निबंधाच्या पूर्वार्धांत मागील तीस वर्षांतील उपचारांचा आढावा आहे, आणि उत्तरार्धांत न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत आलेल्या १०० रोग्यांची हकीकत आहे. शंभरांपैकीं १२ जणांचें वजन २० पौंड, म्हणजे सुमारें ९ किलो, उतरलें. ४० पौंड उतरविणारा एकच निघाला. दोन वर्षांनीं पाहिलें तेव्हां उतरलेलें वजन राखून असलेले दोघेच राहिले होते. लेखकांनीं हें आडपडदा न ठेवतां लिहिलें, आणि त्या काळीं तें लिहिण्यास धैर्य लागलें असेल. कारण तोंवर रोगी बरा झाला नाहीं कीं दोष रोग्याचाच, त्याच्या जिभेचाच, अशी वैद्यकाची समजूत होती. दोष उपचाराचाही असूं शकेल हें ह्या निबंधानें वैद्यांस ऐकविलें.

पण ह्या शंभरांस उपचार तरी कोणता झाला होता? आहाराचा कागद हातांत ठेवावा आणि घरीं पाठवावें, इतकाच! त्या काळची रीतच ती होती. १९९९ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रानें ह्या पंच्याण्णवाच्या आंकड्याचा माग काढला, तेव्हां स्वतः स्टंकर्ड यांनींच ही गोष्ट सांगितली. म्हणजे एका शहरांतील, एका रुग्णालयांतील, शंभर माणसांना, नुसता कागद दिल्यानें काय झालें, एवढेंच त्या निबंधाचें म्हणणें होतें. पुढें उल्लेखामागून उल्लेख होत गेले. प्रत्येक उल्लेखांत शहर गळालें, रुग्णालय गळालें, कागद गळाला, आणि शेवटीं सर्व मनुष्यजातीस, सर्व काळीं, सर्व उपचारांस लागू असा एक गोल आंकडा तेवढा उरला. तो सांगणारा खालीं निबंधाचें नांव देतो आणि ऐकणाऱ्यास तें शास्त्रवचन वाटतें. ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा शेवटीं जोडून कित्येक अभंग तुकोबांच्या नांवावर खपले, आणि तुकोबांनीं तें कधीं म्हटलें होतें काय, हें विचारण्यास त्यांची गाथा उघडून पाहावी लागते. येथेंही गाथा उघडणें प्राप्त होतें. ज्या निबंधानें रोग्याच्या माथींचा दोष थोडा हलका केला, त्याचाच आंकडा पुढें रोग्यांस निराश करण्याच्या कामीं आला, ही गोष्ट मला फार लागली.

येथवर आल्यावर भाची थांबली असती. मी तिला थांबूं दिलें नाहीं. ह्या माणसानें आणखी काय लिहिलें आहे तें पाहावें, असें मला वाटलें. स्टंकर्ड यांच्या सूचींत शेंकडों निबंध आहेत. सर्व मला कळण्यासारखे नाहींत. भाचीनें निवडून चार-सहा समजावून सांगितले.

त्यांपैकीं एक १९५५ सालचा. दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ह्या निबंधांत, सकाळीं ज्यांना अन्नावर वासना नसते, दिवस मावळल्यावर ज्यांचें खाणें सुरू होतें आणि रात्रीं ज्यांना झोप येत नाहीं, अशा स्थूल रोग्यांचें वर्णन आहे. त्या विकारास त्यांनीं रात्रभक्षणाचें नांव दिलें. निद्रानाशावरील हा निबंध स्वतः मात्र चाळीस-एक वर्षें निजून राहिला. फारसा कोणी त्याचा उल्लेख करीना. १९९९ सालीं नॉर्वेंतील संशोधकांसह स्टंकर्ड यांनींच तो विषय पुन्हां हातीं घेतला, अशा रोग्यांच्या रक्तांतील अंतःस्राव तपासले, आणि मग त्या जुन्या निबंधाकडे लोकांचें लक्ष वळलें. १९६५ सालीं कोणी त्याचे उल्लेख मोजून मोल केलें असतें तर तें काय भरलें असतें?

१९५९ सालींच त्यांचा दुसरा एक निबंध निघाला. त्यांत त्यांनीं असे रोगी वर्णिले आहेत कीं, ज्यांना मधूनमधून खाण्याचा झटका येतो. थोड्या वेळांत अतोनात अन्न पोटांत जातें, हात थांबवितां येत नाहीं, आणि मागाहून स्वतःची किळस येते. खादाडपणा निराळा आणि हें निराळें, हा भेद त्यांनीं दाखविला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघाचा रोगनिदानाचा एक ग्रंथ आहे. विकारांस मान्यता देणारें तें जणूं राजपत्रच. १९९४ च्या चौथ्या आवृत्तींत हा अनावर भक्षणाचा विकार पुढील अभ्यासासाठीं म्हणून परिशिष्टांत आला, आणि २०१३ च्या पांचव्या आवृत्तींत त्यास स्वतंत्र स्थान मिळालें. म्हणजे वर्णन झाल्यापासून ५४ वर्षांनीं! त्या मधल्या काळांत किती जणांस ‘जीभ आवर’ एवढाच उपदेश मिळाला असेल, याची कल्पना करावी.

उल्लेखांच्या संख्येनें त्यांच्या अग्रभागीं असलेल्या निबंधांपैकीं एक म्हणजे १९८५ सालीं सॅम्युअल मेसिक यांच्यासह केलेली ५१ प्रश्नांची प्रश्नावली. खाण्यावर माणूस जाणूनबुजून किती लगाम घालतो, तो लगाम किती लवकर सुटतो, आणि भूक किती लागते, या तीन गोष्टी तिनें मोजावयाच्या. तिचे उल्लेख हजारोंनीं आहेत. याचें कारण उघड आहे. मोजपट्टी जो वापरील त्याला तिचें नांव लिहिणें भागच असतें. सुतारानें प्रत्येक खुर्चीवर आपल्या गजाचें नांव कोरावें असा नियम असता, तर गज बनविणारा सर्व सुतारांहून प्रसिद्ध झाला असता. यांत प्रश्नावलीची निंदा नाहीं. परंतु मोठ्या संख्येमागें किती निरनिराळीं कारणें असूं शकतात तें दिसून येतें.

श्रीमंती-गरिबीवरही त्यांनीं लिहिलें. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांतील पाहणींत खालच्या थरांतील १०० स्त्रियांमागें ३० स्थूल आढळल्या, तर वरच्या थरांत ५. पुढें १९८९ सालीं जेफरी सोबल यांच्यासह त्यांनीं जगभरच्या १४४ अभ्यासांचा आढावा घेतला. पुढारलेल्या देशांतील स्त्रियांत स्थूलता गरिबीबरोबर वाढते, आणि मागासलेल्या देशांत ती संपत्तीबरोबर वाढते, असें त्यांत आढळलें. हें वाचून मला आमच्या बोलण्यांतील ‘खात्यापित्या घरची’ हा शब्द आठवला. सुनेच्या अंगलटीवरून सासरची सुबत्ता ताडणारे आम्ही लोक!

आतां ज्या निबंधानें मला स्वतःला खालीं पाहावयास लावलें त्याविषयीं सांगतों. डेन्मार्क देशांत दत्तक दिलेल्या मुलांची सरकारी नोंदवही आहे. तिच्या आधारें स्टंकर्ड व त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनीं ५४० प्रौढ दत्तक माणसें निवडलीं. कांहीं कृश, कांहीं मध्यम, कांहीं जाड, कांहीं स्थूल. मग त्यांच्या जन्मदात्या आईबापांचीं आणि दत्तक आईबापांचीं, दोघांचींही शरीरमानें ताडून पाहिलीं. जन्मदात्यांशीं मेळ स्पष्ट दिसला. ज्यांच्या घरीं तीं वाढलीं, ज्यांच्या ताटांतलें अन्न तीं जेवलीं, त्यांच्याशीं कांहींच मेळ दिसला नाहीं. हा निबंध १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. १९९० सालीं स्वीडनमधील जुळ्यांचा निबंध आला. त्यांत अगदीं एकसारखीं, पण लहानपणींच ताटातूट होऊन निरनिराळ्या घरीं वाढलेलीं अशीं ९३ जोडपीं जुळीं होतीं. त्यांचीं शरीरमानें एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकींच एकमेकांशीं जुळत होतीं म्हटलें तरी चालेल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूलतेचीं कारणें दिलीं आहेत. त्यांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्याबरोबर ‘बीजस्वभाव’ हेंही एक कारण सांगितलें आहे. हें सर्व आमच्याकडे आधींच होतें असें म्हणण्याची मला हौस नाहीं. कारण सांगणें निराळें, आणि त्याचा भार किती तें ५४० माणसें तोलून दाखविणें निराळें. तसेंच बीजाचा भार मोठा म्हणून अन्नाचा कांहींच नाहीं, असाही अर्थ कोणी घेऊं नये. तीं सर्व दत्तक मुलें एकाच देशांत, साधारण एकाच प्रकारच्या अन्नावर वाढलीं होतीं; माणसामाणसांत फरक कां पडतो तें त्या निबंधानें सांगितलें. सर्व समाजच दोन पिढ्यांत जाड कां होत चालला, त्याचें उत्तर बीजांत सांपडणार नाहीं. बीज इतक्या लवकर पालटत नसतें.

परंतु माझ्या वर्गांत एक मुलगा होता. नांव सांगत नाहीं. त्याचा बापही तसाच स्थूल, आजाही तसाच, हें मला गांवांत दिसत होतें. तरी कवायतीच्या वेळीं तो मागें पडला कीं मी सर्वांसमक्ष म्हणत असें, "डब्यांतल्या दोन पोळ्या कमी कर, म्हणजे पाय उचलतील." वर्ग हंसे, तोही हंसे. त्याच्या डब्यांत किती पोळ्या असतात तें मीं एकदांही पाहिलें नव्हतें. १९८६ सालीं डॅनिश निबंध छापला गेला तेव्हां मी नुकता नोकरीस लागलों होतों, आणि त्यानंतर कित्येक वर्षें मी असें बोलत होतों. त्या निबंधाचे उल्लेख तिकडे वाढत होते; माझ्या कवायतीच्या मैदानापर्यंत तो पोंचला नव्हता.

बहिणीच्या प्रश्नाकडे वळतों. उतरलेलें वजन टिकतच नाहीं काय? बहुतेकांचें कांहीं अंशीं परत चढतें, हें खरेंच आहे. शरीर आपलें मूळ वजन राखूं पाहतें. तथापि १९९४ सालीं अमेरिकेंत रेना विंग व जेम्स हिल यांनीं एक नोंदवही सुरू केली. निदान ३० पौंड उतरवून निदान वर्षभर राखलेल्यांनींच तींत नांव घालावयाचें. पुढें त्या वहींत १०,००० हून अधिक नांवें जमलीं. अर्थात् हीं यशस्वी झालेल्यांचींच नांवें. शंभरांत किती यशस्वी होतात हें त्या वहीवरून कळणार नाहीं. पण कोणीच होत नाहीं, हें म्हणणें तिनें खोटें पाडलें. माझ्या बहिणीच्या दृष्टीनें त्याहून महत्त्वाचा निबंध २००२ सालचा आहे. ज्यांना मधुमेह होण्याचा संभव अधिक अशा ३,२३४ माणसांवर अमेरिकेंत प्रयोग झाला. त्यांपैकीं एका गटास १६ पाठ देण्यांत आले, माणसानें माणसास समोर बसवून. ध्येय इतकेंच कीं वजन शेंकडा ७ नें उतरावें आणि आठवड्यास अडीच तास चालणें व्हावें. साधारण तीन वर्षांत त्या गटांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ५८ नें कमी भरलें. त्यांच्यापैकीं पुष्कळांचें वजन मागाहून थोडें चढलें, तरीही लाभ झाला. माझ्या बहिणीस मधुमेह आधींच झालेला आहे, तेव्हां हा हिशेब तिला जसाच्या तसा लागू नाहीं. पण थोडें उतरलेलें वजनही रक्तांतील साखरेस मानवतें, असें तिच्या डॉक्टरांनींही सांगितलें.

भाचीनें १९५९ च्या निबंधांतील तो उतारा मराठींत करून आईस वाचून दाखविला. बहीण शांतपणें ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या शंभर जणांना नुसता कागदच दिला होता? अग, मलाही तसाच दिला होता."

आतां ती दर पंधरवड्यास एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाते. बाई तिला पुढ्यांत बसवून काय खाल्लें तें विचारतात आणि वजन वहींत लिहितात. आठ महिन्यांत चार किलो उतरलें. दिवाळींत त्यांतलें अर्धा किलो परत आलें. तक्ता पुन्हां भिंतीस लागला आहे. त्यावरील ओटच्या खिरीवर काट मारून तिनें आपल्या हातानें ज्वारीची भाकरी असें लिहिलें आहे, आणि बाईंनीं तें मान्य केलें आहे.